भोंगा नदीकडे फिरवा

रमाकांत, तो दुसरा भोंगा जरा फिरव बाबा. शाळेकडे नको, इथे बसलेल्यांना मी असाच ऐकू येतो. नदीकडे फिरव. अजून थोडा. हां. राहू दे तसाच.

मंडळी, माफ करा. शोकसभा आहे, आणि मी सुरुवातच माइकवाल्याला हुकूम सोडून केली. सरपंचांनी आत्ता सांगितले, दत्ताराम शेट दोन शब्द बोलतील. दोन शब्द! अहो, ज्या माणसाशी मी उभे आयुष्य भांडलो, त्याच्याबद्दल दोन शब्द? भांडण वजा केले तर माझ्याकडे शब्द उरतात कुठे? सकाळपासून दुकानात बसून जुळवत होतो. चहा उतू गेला, पाववाल्या पदेराने टाकलेले उंडे पाव टोपलीत तसेच राहिले. एक वाक्य जुळेल तर शपथ.

लक्ष्मीवयनी, बंधूंनो, भगिनींनो, आणि पलतडीच्या माझ्या लोकांनो. हो, पलतडीच्यासुद्धा. इथे बँकेचे साहेब आहेत, शाळेच्या नव्या बाई आहेत, त्यांना वाटेल हा म्हातारा नदीशी काय बोलतो. तर सांगतो. पलतड म्हणजे तो समोरचा काठ. ते माड दिसतात ना, त्यांच्या मागे एक कौलारू घर आहे. ज्यांची ही सभा त्या न्हानूभाऊंची एकुलती एक मुलगी, सुमती, त्या घरात दिलेली आहे. बाप गेला त्या दिवशी नदीला पूर होता. तो आजही उतरलेला नाही. तारी, आपला नावाडी, होडी बांधून बसलाय. रस्त्याने यायचे तर डिचोली, म्हापसा, कोलवाळ, धारगळ असा अर्ध्या गोव्याला वळसा, आणि धारगळहून आपल्याकडे येणाऱ्या रस्त्यावरची मोरी त्याच पावसात वाहून गेली. म्हणजे बाप इथे, लेक तिथे, मध्ये एवढीशी नदी. तिला बापाचे तोंड दिसले नाही. चितेचा धूर तेवढा दिसला असेल, तोही पावसाने दाबून टाकला.

म्हणून भोंगा नदीकडे फिरवायला सांगितला. तिला ऐकू येते की नाही, देव जाणे. पण न्हानूची सभा भोंगा इकडे ठेवून करायची, हे मला जमणार नाही.

मंडळी, आज आपण एकाच माणसाची शोकसभा घेत नाही. आपला जुना मतदारसंघही मेलेला आहे, त्याची शोकसभा कोणी घेतली नाही. त्याचा इतिहास कोणी लिहिला नाही आणि लिहिणारही नाही. तो इतिहास न्हानूच्या अंगावर लिहिलेला होता. म्हणून दोघांचीही गोष्ट आज एकदमच सांगतो. सुसूत्र सांगता येणार नाही, सांभाळून घ्या.

गोवा मुक्त झाला आणि पहिली निवडणूक आली. आपला मतदारसंघ नदीच्या दोन्ही काठांचा. आपली ही अलतड पेडण्यात, पलतड डिचोलीत, आणि आमदार दोघांत मिळून एक. मतदान याच शाळेत. पलतडीची माणसे होड्या भरभरून आली. बायका नवी लुगडी नेसून, डोक्यात अबोलीचे वळेसर माळून, जणू देवीच्या जत्रेलाच. न्हानूच्या आईने मतपेटीवर फूल ठेवले, नमस्कार केला आणि सरळ घराची वाट धरली. न्हानू मागे धावला, "आवशी, कागद खंय घातलंस?" तर मतपत्रिका म्हातारीने अंबाड्यात खोवलेली! देवाचा प्रसाद खोवतात तशी. तिला परत आणले, समजावले, मत पेटीत टाकायला लावले. म्हातारी कुरकुरली, "प्रसाद कोण परत देता?" तेव्हा आम्ही हसलो होतो.

न्हानू तेव्हा ऐन तारुण्यात. त्याने एक पक्ष धरला. मी दुसरा धरला. का? त्याने तो धरला म्हणून. यापेक्षा मोठे कारण माझ्याकडे तेव्हा नव्हते आणि खरे सांगू का, नंतरही सापडले नाही.

त्याचा उमेदवार म्हणाला, या नदीवर सांकव बांधतो. माझा उमेदवार म्हणाला, सांकव कसला, मोटार जाईल असा पूल बांधतो. दोघांनी माणसे आणून दोन्ही काठांना मोजणीच्या खुंट्या मारल्या, लाल-पांढरा रंग दिलेल्या. निवडणूक झाली. निवडून आलेला निवडून आला, पडलेला पडला. खुंट्या राहिल्या. लोक त्यांना म्हशी बांधू लागले. पुढच्या पावसात त्या वाहून गेल्या. पुढच्या निवडणुकीला नव्या खुंट्या. मंडळी, आपल्या मतदारसंघाचा इतिहास म्हणजे हा खुंट्यांचा इतिहास आहे.

मग जनमत कौल आला. महाराष्ट्रात जायचे की वेगळे राहायचे. तेव्हा सांकव कोणाच्या लक्षात राहिला? घराघरात भिंती उभ्या राहिल्या. न्हानू विलीनीकरणवाला, मी वेगळा राहणारा. तो माझ्या दुकानातला चहा प्यायचा बंद झाला. पण यायचा रोज! बाहेरच्या बाकावर बसायचा, घरून तांब्यातून आणलेले पाणी प्यायचा आणि आत बसलेल्यांशी वाद घालायचा. मी म्हणायचो, "न्हानू, बाक माझा आहे." तो म्हणायचा, "बाकाखालची जमीन देवाची आसा." आता सांगा, अशा माणसाचे काय करायचे?

त्या कौलानंतर लगेच विधानसभेची निवडणूक लागली. न्हानू प्रचाराला पलतडीला गेला. सभेत एक म्हातारा उठला. फार मानाचा माणूस, कुळागरवाला, सुपारीच्या बागांचा मालक. तो शांतपणे म्हणाला, "मतां मागूक होडयेन येतास. मतां मिळाली काय होडयेन जातास. मगे परत कोण येता रे?"

एवढेच बोलला. दुसरा कार्यकर्ता असता तर हसून वेळ मारून नेली असती. मी असतो तर उलट चार शब्द ऐकवले असते. न्हानूला ते लागले. तिथल्या तिथे म्हणाला, "सांकव होवसर मी ह्या काठार पाय ठेवचंय नाय. येतलंय तर सांकवावरसून चलत येतलंय." होडीत बसला, इकडे आला, आणि घाटावरच्या वडाखाली आपला राखणदार देव आहे ना, त्याच्यापुढे नारळ ठेवून तेच पुन्हा बोलला. आंगवण केली, म्हणजे देवापुढचा नवसच. आपल्याकडे प्रचाराचा पहिला नारळ प्रत्येक पक्ष त्याच राखणदाराला देतो आणि निवडणूक संपली की विसरतो. न्हानू विसरला नाही. एवढाच काय तो त्याचा गुन्हा.

वर्षभरात सांकव होईल असे त्याला वाटले होते. त्याचा उमेदवार निवडून आला होता ना!

मग पलतडीला प्रचार कसा करायचा? तर असा. हा भोंगा. घाटाच्या वरच्या पायरीवर टेबल, टेबलावर न्हानू उभा, एक भोंगा इकडे, एक तिकडे. "पलतडीच्या माझ्या बंधू-भगिनींनो!" त्याचा आवाज पाण्यावरून असा जायचा की काय सांगू. पलतडीला तीन पिढ्यांनी त्याला नुसता ऐकला. एका नव्या सुनेने त्याला पहिल्यांदा डिचोलीच्या बाजारात, म्हणजे पलतडीच्याच बाजारात पाहिले असेल असे मी म्हणणार होतो, पण नाही, तिथेही तो जात नव्हता. पेडण्याच्या जत्रेत पाहिले. ती नवऱ्याला म्हणाली, "ह्योच? एवढोसोच?"

हसा, हसा. त्याला हसलेले आवडायचे.

आता लक्ष्मीवयनी, तुमची परवानगी घेऊन सुमाचे सांगतो. सुमाला स्थळ आले ते त्याच घरचे. ज्या म्हाताऱ्याने टोमणा मारला त्याच्या नातवाचे. मुलगा निर्व्यसनी, खाणीवरच्या ट्रकांच्या कामात रुजू झालेला, घर खातेपिते. वयनी म्हणाल्या, इथून मुलीचे छप्पर तरी दिसेल. आणि नेमकी तेव्हाच नवी निवडणूक तोंडावर आली होती, नव्या खुंट्या मारल्या होत्या, एक इंजिनिअर दुर्बीण लावून बघून गेला होता. न्हानू म्हणाला, सुमाच्या पहिल्या गणेशचवथीला सांकव तयार. लग्न इथे, मुलीच्या दारात झाले. पाठवणीला न्हानू घाटापर्यंत गेला. शेवटच्या पायरीवर थांबला. होडी सुटणार होती. तो म्हातारा होडीतून उतरून परत त्याच्याकडे आला, हात धरून म्हणाला, "न्हानू, माझा बोलणा मी मागे घेतंय. तू घराक ये."

न्हानू म्हणाला, "तुमचा तुमी घेतलात मागे. माझा मी खंयसून घेव? ता राखणदाराकडे आसा."

तेव्हापासून रोज संध्याकाळी हा माणूस घाटावर. तोंडाला दोन्ही हात लावून हाक मारायचा, "सुमाऽऽ, जेवलंस गो?" अहो, संध्याकाळी कोण जेवते? पण तो तेच विचारायचा. ती अंगणात येऊन ताट वाजवायची. पितळेचे ताट, त्यावर पळी. तिचा आवाज बारीक, तो पोचत नाही, ताट पोचते. ताट वाजले की न्हानू उठायचा, धोतर झटकायचा आणि माझ्या बाकावर येऊन राजकारण बोलायचा. पावसाळ्यात नदीचा आवाज इतका की हाकही जायची नाही आणि ताटही यायचे नाही. तरी तो हाक मारायचा. मी म्हणायचो, "गळो फुटतलो तुझो." तो म्हणायचा, "फुटांदे. प्रचाराक थोडोच होयो आता?"

मी दर चवथीला पलतडीला जायचो, सुमाच्या गणपतीला. तिने मला काका केले होते. परत आलो की न्हानू पायरीवर बसलेला. "गणपतीवरची माटोळी कशी बांधलेली? काय काय लावलेला? सुपारीचो घड व्हतो? तुळस खंयच्या दिशेन आसा? जनेलां किती?" पोलिसांनी करावी तशी उलटतपासणी. एकदा मी वैतागून म्हटले, "न्हानू, तुका घराचो नकाशो काडून देव काय?" तर म्हणाला, "नको. तू सांग. तू सांगतंस ता बरा वाटता." त्या घराची खिडकी न् खिडकी त्याला पाठ होती. त्या घरात तो एकदाही गेला नाही.

आणि राजकारण? ते चालूच होते. माझा उमेदवार एकदा निवडून आला. मी गुलाल उधळला, न्हानूच्या दारात मुद्दाम फटाके लावले. काही दिवसांत तो उमेदवार सगळी गोणपाटे आवरून न्हानूच्या पक्षात गेला. म्हणजे मी आणि न्हानू एकाच आमदाराचे कार्यकर्ते! दोघे एकाच बाकावर. शेवटी न्हानू म्हणाला, "दत्ता, तुझे फटाके फुकट गेले मां?" त्या दिवशी, कौलानंतर पहिल्यांदा, तो माझ्याकडे चहा प्याला. लोकसभेचे तर विचारूच नका. दिल्लीचा उमेदवार आम्ही भिंतीवरच्या कागदावर पाहायचो, आणि कागद गाई खायच्या.

पुढे राजभाषेच्या भांडणाचे दिवस आले. पुन्हा तेच. मी कोंकणीवाला, तो मराठीवाला. रस्त्यावर झाडे आडवी, बसगाड्या बंद, घरोघरी भाषणे. आम्ही दोघे बाकावर बसून भांडायचो, आणि लक्षात घ्या, ज्या बोलीत भांडायचो ती दोघांचीही एकच होती. तरी तो म्हणायचा, "घरात बोलतंय ती बोली, सभेत बोलतंय ती मराठी." म्हणून बघा, मी आज सभेत मराठीत बोलतोय. तुझ्यासाठी, न्हानू. जिवंत असतास तर एक अक्षर बोललो नसतो.

आणि मग घटकराज्य झाले. पेढे वाटले. गोव्याच्या विधानसभेत जागा वाढणार, मतदारसंघ नवे पाडणार, लोकांना काही म्हणायचे असेल तर म्हणा, अशी बातमी आली. मंडळी, इथे जरा नीट ऐका. आपण काय केले ते आपल्या मुलांना कळले पाहिजे.

आपण हिशेब केला. आतापर्यंत दोन काठांना एक आमदार होता. त्याने सांकव बांधला नाही. मग दोन काठांना दोन आमदार मिळाले तर? अलतडीचा या टोकाने बांधत जाईल, पलतडीचा त्या टोकाने बांधत येईल, मध्ये दोघे भेटतील! हसू नका. कोणाला तेव्हा हसू आले नव्हते. मलाही नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी न्हानूला म्हटले, "तुझा म्हणणा बरोबर." या गावात त्या दिवशी विरोधी पक्षच नव्हता.

तरी न्हानू म्हणाला, देवाला विचारल्याशिवाय नको. प्रसाद लावला. देवाच्या अंगावर ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. गाऱ्हाणे न्हानूनेच घातले, "बा देवा म्हाराजा, अलतडीक एक आमदार आणि पलतडीक एक आमदार, असो वेगळो मतदारसंघ तुझ्या लेकरांक होयो आसा. तुझी मर्जी आसा तर उजवो प्रसाद दी." आपण सगळे ओरडलो, "व्हय म्हाराजा!"

उजवी पाकळी पडली. लगेच. भटजीसुद्धा म्हणाले, इतका झटपट प्रसाद कधी पाहिला नाही.

आपण मागितले ते मिळाले. नदीच्या मधोमध रेघ ओढली. पलतड गेली डिचोलीकडच्या खाणीवाल्या गावांच्या शेपटाला. आपण आलो हमरस्त्याकडच्या गावांच्या शेपटाला. दोन्हीकडे शेपूट. आपला मतदारसंघ होता, त्यात आपण निम्मे तरी होतो. नव्यात आपण कोण? मूठभर मते आणि खड्ड्यांचा रस्ता. जुन्या मतदारसंघाचे नावसुद्धा राहिले नाही.

न्हानू नव्या आमदाराकडे गेला. आमदार म्हणाले, सांकवाचे दुसरे टोक माझ्या मतदारसंघात नाही, अर्धा सांकव कसा बांधू? सुमाचा नवरा तिकडच्या आमदाराकडे गेला. त्यांनीही तेच सांगितले, अक्षरशः तेच. न्हानूने आपल्या आमदारांनाच विचारले, "साहेब, मग मधली न्हंय, ही नदी, कोणाच्या मतदारसंघात?" साहेब हसले. न्हानूला म्हणाले, तुम्ही विनोदी आहात.   

मग नव्या मतदारसंघाची पहिली निवडणूक. न्हानूने सवयीने राखणदाराला नारळ दिला. घाटावर टेबल टाकले. रमाकांत, तूच लावला होतास ना भोंगा? आणि आम्ही वाट पाहत बसलो. कोण येईल? कोणीही येऊ दे, त्याचा येऊ दे, माझा येऊ दे. कोणी आले नाही. जीप अलीकडच्या गावातून मागे फिरली. खुंटी नाही, इंजिनिअर नाही, दुर्बीण नाही. इतकी वर्षे आम्ही म्हणत आलो, हे येतात आणि खोटे बोलून जातात. त्या वर्षी खोटे बोलायलाही कोणी आले नाही, हो! न्हानू टेबलावर चढला, माइक हातात घेतला, "पलतडीच्या माझ्या बंधू-भगिनींनो" म्हणाला, आणि थांबला. पुढे सांगायचे काय? पलतड आता त्याची मतदारच नव्हती. त्याने माइक रमाकांतच्या हातात दिला आणि खाली उतरला. त्यानंतर तो भोंग्याला शिवला नाही.

मी त्याला म्हटले, चल, पुन्हा प्रसाद लावू. आंगवण सोडवून घेऊ. देव काही खाऊन टाकणार नाही, एक नारळ, एक कोंबडा, मोकळा हो आणि मुलीच्या घरी जेवून ये. तो म्हणाला, "देवाक परत इचारूचंय नाय. आपणा चुकीचा मागला, त्याना दिला. त्याची काय चूक? इचारणारो मी व्हतंय."

बघा, चूक सगळ्या गावाची होती. "व्हय म्हाराजा" सगळे ओरडलो होतो. पण तोंडाने गाऱ्हाणे त्याने घातले, म्हणून ओझे त्याने एकट्याने उचलले. मी किती समजावले. दगडाला समजावणे सोपे.

आत्ता पाऊस लागायच्या आधी तो खाटेला लागला. खाट नदीकडच्या जनेलाजवळ. हाक मारायला छातीत दम उरला नव्हता, म्हणून वयनी घाटावर जाऊन हाक मारायच्या आणि तो ताटाची वाट बघायचा. पाऊस लागून नदी चढली तेव्हा मी एका दुपारी गेलो. त्याने विचारले, "दत्ता, यंदा चवथीक सुमाकडे जाशीत मां?" मी म्हटले, "जातलंय. तूय चल." हे मी दर वर्षी म्हणायचो. दर वर्षी तो मान हलवून नाही म्हणायचा. त्या दिवशी तो नाही म्हणाला नाही. जनेलातून बघत राहिला. मग म्हणाला, "बघूया. पाणी उतारला काय बघूया."

वयनी, तुम्ही चुलीकडे होता. तुम्ही ऐकले नसेल. म्हणून आज सगळ्यांसमोर सांगतो. आणि सुमा, तुला ऐकू येत असेल तर तूही ऐक. तुझा बाप यायला तयार झाला होता. राखणदार, शब्द, लोक काय म्हणतील, सगळे बाजूला ठेवून, होडीत बसून यायला तयार झाला होता. फक्त पाणी उतरायचे राहिले होते.

पाणी उतरले नाही. मंडळी, इतकी वर्षे नदी मोकळी होती तेव्हा याने स्वतःला अडवले. आणि ज्या दिवशी हा म्हणाला येतो, त्या दिवसापासून नदीने अडवले. यात काही अर्थ असेल तर मला दिसत नाही. मी सांत्वन करायला उभा नाही. माझ्याकडे सांत्वन नाही.

तो गेला त्या सकाळी सुमाला कळवायचे कसे? पंचायतीत फोन आहे, पण पाऊस लागला की तो माणसाआधी मरतो. सगळे माझ्याकडे बघू लागले. रमाकांतने घाटावर भोंगा लावला. मी आयुष्यभर न्हानूच्या भोंग्यावर जळलो, तो माइक पहिल्यांदा माझ्या हातात आला. पलीकडे माणसे जमलेली दिसत होती, भोंगा दिसला म्हणून. आणि माझ्या तोंडून पहिले काय बाहेर पडले, ठाऊक आहे? "बंधू-भगिनींनो." सवय! मेली सवय! लोकांना वाटले निवडणूक आली. कोणीतरी तिकडून हातसुद्धा हलवला.

मग मी म्हटले, "सुमा, तुझो बापूस गेलो गो."

नदीचा घो घो आवाज. मला काही ऐकू आले नाही. नंतर खूप वेळाने, बायका म्हणतात, ताट वाजले. मी ऐकले नाही. माझे कान तेव्हा माझे नव्हते.

आमदारांचा शोकसंदेश सरपंचांनी वाचून दाखवला. त्यात आपल्या गावाचे नाव चुकले आहे. कोणी रागावू नका. त्यांनी ते कधी पाहिलेले नाही. संदेशात लिहिले आहे, न्हानूभाऊंचे स्वप्न आम्ही पूर्ण करू. कुठले स्वप्न ते लिहिलेले नाही. सांकव होणार नाही, मंडळी. मी म्हातारा माणूस, मला कोणाचे मत मागायचे नाही, म्हणून स्पष्ट सांगतो. जो व्हायचा तो आपला मतदारसंघ एक होता तेव्हाच व्हायचा होता. आता नदी कोणाचीच नाही.

बस्स. थकलो. आता उभे राहूया. लक्ष्मीवयनी, तुम्ही बसूनच राहा.

दरवेळी आपण दोन मिनिटे शांत उभे राहतो, माना खाली घालून, आणि घड्याळाकडे चोरून बघतो. आज तसे नको. आजची शांतता श्रद्धांजलीची नाही, ऐकायची आहे. कोणी खोकू नका, खुर्च्या सरकवू नका, लहान पोरांना जवळ घ्या. मी इथून एकदाच हाक मारणार आहे. न्हानू मारायचा तीच. त्याच्यासारखी येणार नाही, पण शब्द तेच. मग सगळ्यांनी कान तिकडे लावा. एवढ्या पाण्यात ताट ऐकू येणार नाही, मला ठाऊक आहे. तरी कान लावा. त्याने इतके पावसाळे लावले, आपण एकदा लावू.

रमाकांत, भोंगा चालू आहे ना? बंद करू नकोस, मी सांगेपर्यंत.

सुमाऽऽ, जेवलंस गो?